तात्पर्य म्हणजे आशयसूत्र नव्हे

गोष्ट संपली की मुलं लिहून मोकळी होतात : 'तात्पर्य – मोठ्यांची सेवा करावी.' कथेचं आशयसूत्र म्हणजे तात्पर्यच, हा समज इसापनीतीपासून वह्यांत मुरलाय. चुकीचा आहे. तात्पर्य उपदेश करतं. आशयसूत्र म्हणजे कथा एखाद्या विषयाबद्दल जे सुचवते ते. बोधकथेत दोन्ही जवळजवळ एकच असतं, तिथेच घोळ होतो.

मालवणच्या वर्गासाठी मी एक छोटीशी कथा रचली. गणपतीला चाकरमानी येतात, पाच दिवसांनी जातात. मागे आजी पडवीत बसून दाराच्या कुलपात खोबरेल सोडते. दोन वर्षं असंच. तिसऱ्या वर्षी बाटली उचलते आणि तशीच खाली ठेवते. मी एवढंच विचारलं, कुलूप परत परत का येतं?

"बाई, ती घर बंद करणा नाय, उघडूची तयारी करता," एक मुलगी म्हणाली.

मागच्या बाकावरून लगेच, "मगे शेवटाक बाटली खाली कित्याक ठेवल्यान? वाट बघूची सोडल्यान ती!"

दोन्ही उत्तरं मान्य केली, कारण दोघांनी कथेतली ओळ दाखवली. नुसतं 'एकटेपणा' लिहिणाऱ्याला मात्र अर्धेच गुण. तो नुसता विषय झाला, आशयसूत्र नव्हे. (त्याची आई भांडायला आली होती, ते असो.)