पातळ औषध, त्याचा दाटपणा आणि आतला द्रव

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परासिया भागातली लहान मुलं लघवी बंद होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. तिकडचे रुग्ण इकडे येणं नेहमीचंच, पण एकाच तक्रारीची एवढी मुलं कधी आली नव्हती. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंडं निकामी करणारा विषारी द्रव, निघालं, ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली.

हा द्रव बाटलीत शिरायला जागा कुठे होती, ते आधी पाहू. अशा सिरपमधलं पॅरासिटामॉल पाण्यात फार विरघळत नाही, मिलिलिटरला जेमतेम १४ मिलिग्रॅम. मुलांच्या ५ मिलिलिटरच्या डोसात १२५ हवं, म्हणजे मिलिलिटरला २५. मग एक तर पूड न विरघळवता द्रवात तरंगती ठेवायची, नाही तर प्रोपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव घालून विरघळवायची. तरंगती पूड तळाशी बसते. द्रव जितका पातळ तितकी लवकर, आणि नागपूरच्या मे महिन्यात सगळंच पातळ होतं. झॅन्थन गम हा दाटपणा आणणारा डिंक घातला की स्थिर बाटलीत औषध दाट राहतं, हलवल्यावर सैल होऊन चमच्यात नीट उतरतं. पण ‘वापरापूर्वी हलवा’ हे लेबलवर राहतं आणि तळाचे शेवटचे चमचे भारी पडतात. विरघळलेल्या औषधाला ही भानगड नाही.

प्रोपिलीन ग्लायकॉल आणि डायइथिलीन ग्लायकॉल दोन्ही बिनरंगी, गोडसर, म्हणून पहिल्याच्या जागी दुसरं खपून जातं. २० अंशांना पहिलं पाण्याच्या पन्नासेक पट दाट, दुसरं पस्तीसेक पट. साखरेच्या पाकात मिसळलं की हा फरक हाताला काय, दाटपणा मोजणाऱ्या यंत्रालाही ओळखू येईलच असं नाही. ओळखायला रासायनिक तपासणीच लागते, आणि ती फार महागडी नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फाचं जंतुनाशक औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्येच विरघळवलं होतं, शंभरहून अधिक माणसं दगावली. १९८६ साली मुंबईत याच द्रवाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले.

वाद आहे तो २०२३ च्या निर्णयावर. आफ्रिकेतल्या गांबियात भारतीय सिरपशी जोडल्या गेलेल्या बालमृत्यूंनंतर १ जूनपासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपला सरकारी प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. देशातल्या दुकानांत जाणाऱ्या सिरपला नाही. देशातल्या मालावर राज्यांच्या औषध निरीक्षकांची नजर असतेच, असं समर्थन करता येईल. कागदावर ते बरोबरही आहे. पण निरीक्षक नमुना उचलणार तो बाजारातून, माल विकायला लागल्यावर. निर्यातीचा डबा मात्र निघण्याआधीच अडवला जाणार. एकच औषध, बंदरावर एक चाळणी आणि गावात दुसरी. बाहेर नाव खराब होण्याची धास्ती जास्त होती, असंच म्हणावं लागतं.

डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिन या सर्दीवरच्या औषधांची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं लेबलवर छापायचा आदेश निघाला. छिंदवाड्याच्या बाटलीत हीच जोडी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा पत्र गेलं: कच्च्या मालाची प्रत्येक बॅच वापरण्याआधी तपासली जाते की नाही, ते पाहा. नियम आधीपासूनच होता.