कालबाह्य कोडचे उच्चाटन

दीर्घकाळ वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधून निरुपयोगी झालेला कोड, तसेच केवळ जुन्या आवृत्त्यांशी सुसंगतता राखण्यासाठी जपलेल्या तरतुदी विचारपूर्वक काढून टाकण्याची प्रक्रिया. अशा तरतुदी काम करीत नसल्या तरी प्रत्येक नव्या बदलाच्या वेळी त्यांची चाचणी घ्यावी लागते आणि त्यांतील दोष कोणाच्या लक्षात न येता टिकून राहतात. खानदेशातील कापूस उत्पादकाला फरदडीचा हिशेब ठाऊक असतो : हंगामानंतर पऱ्हाटी उभी ठेवली, तर थोडा कापूस हाती लागतो, पण गुलाबी बोंडअळीलाही खाद्य मिळत राहते आणि ती पुढच्या पिकावर येते. जुन्या कोडचा हिशेबही याहून फारसा वेगळा नाही.

एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरील संदेश सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा सुरक्षेचा दोष उघड झाल्यावर ओपनबीएसडी या संगणक कार्यप्रणालीच्या विकासकांनी त्या कोडची लिब्रेएसएसएल ही स्वतंत्र शाखा काढली आणि पहिल्याच आठवड्यात सी भाषेतील 90,000 हून अधिक ओळी वगळल्या. लिनक्स या कार्यप्रणालीचा जन्म 1991 मध्ये इंटेलच्या 386 प्रोसेसरवर झाला, तरी 2013 च्या 3.8 आवृत्तीत त्याच प्रोसेसरचा आधार काढण्यात आला. मात्र लिनक्सवर चालणारे प्रोग्राम कर्नलमधील, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, बदलामुळे बंद पडू नयेत, हा दंडक तेथे कसोशीने पाळला जातो. आतली रचना बदलणे आणि बाहेर दिलेला शब्द मोडणे यांतला हा भेद या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. याच न्यायाने, लोटस 1-2-3 या जुन्या तक्ता-प्रोग्रामशी जुळावे म्हणून एक्सेल आजही 1900 हे लीप वर्ष मानते, जरी ते तसे नव्हते; ही चूक सुधारली तर असंख्य तक्त्यांतील तारखा सरकतील.

उच्चाटनाची रीत साधारणतः अशी : सुविधा कालबाह्य झाल्याचे जाहीर करणे, वापरणाऱ्याला इशारा देणे, पर्याय पुरवणे आणि मुदत संपल्यावर मोठ्या आवृत्तीत ती काढणे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ‘पायथन 3’ ही आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली, पण पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. वापराच्या नोंदींवर मात्र सावधपणे विसंबावे लागते. पतसंस्थेच्या प्रणालीतील लाभांशाचा तक्ता वर्षातून एकदाच लागतो. एखाद्या तिमाहीतील शून्य वापर पाहून तो काढला, तर वार्षिक हिशेबाच्या वेळी अडचण उभी राहते. 64-बिट विंडोजमधून 16-बिट प्रोग्राम चालवण्याची सोय गेल्यावर डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवरील जुने हिशेबही असेच अडकले.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न युनिकोडपूर्व फॉन्टचा, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणारी युनिकोड ही प्रमाणपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टचा आहे. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या छापखान्यांत त्या पद्धतीने जुळवलेला मजकूर, तो विशिष्ट फॉन्ट नसल्यास, निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. शिवाय पडद्यावरील क्रमानुसार ‘शिरपूर’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘श’च्या आधी साठवली जाई, तर युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर येते; तसेच ‘पऱ्हाटी’तील ‘ऱ्’सारखी चिन्हे रूपांतरात हमखास बिघडतात. म्हणून असा मजकूर वाचणारा कोड काढण्यापूर्वी सर्व फाइलींचे रूपांतर पूर्ण होणे अत्यावश्यक ठरते, कारण मजकूर सॉफ्टवेअरपेक्षा अधिक काळ जगावा अशीच लिहिणाऱ्याची अपेक्षा असते. अहिराणी लेखनाबाबत तर प्रमाण मराठीच्या शब्दसूचीवर चालणारी यांत्रिक तपासणी पुरत नाही. तेथे अहिराणी जाणणाऱ्यानेच छापील प्रत शेजारी ठेवून रूपांतरित मजकूर ओळीगणिक वाचावा लागतो.