क्रिप्टोचलनातील आर्थिक गोपनीयता

क्रिप्टोचलनाच्या व्यवहारात देणारा, घेणारा आणि रक्कम इतरांपासून कितपत झाकली जाते, याचा विचार या संज्ञेत येतो. बिटकॉइन (२००९) निनावी असल्याचा समज खानदेशातही आहे आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक व्यवहार सार्वजनिक खातेवहीत कायमचा राहतो. नावाच्या जागी पत्ता, म्हणजे अक्षर-अंकांची ओळ, असतो एवढेच.

हा पत्ता उघडा पडतो रुपयांच्या वेशीवर. भुसावळच्या कोणी केवायसी केलेल्या एक्स्चेंजवरून (क्रिप्टोचलन खरेदी-विक्रीच्या मंचावरून) ०.०५ बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटवर काढले आणि ०.०१ कोणाला दिले, तर शुल्क वजा जाता उरलेले सुट्टे नव्या पत्त्यावर परत येतात. पुढे हे सुट्टे दुसऱ्या पत्त्यावरील शिलकीसोबत एकाच व्यवहारात खर्चले, की दोन्ही पत्ते एकाच धन्याचे धरले जातात. माग काढणाऱ्या कंपन्यांचा नेहमीचा आडाखा हाच.

केवायसी चुकवायला यूपीआयवर पीटूपी (थेट दुसऱ्या व्यक्तीला) यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी बांधलेले क्रिप्टोचलन, विकणे तर फारच महागात पडते. रावेरच्या केळी उत्पादकाच्या खात्यात आलेले पैसे परराज्यातल्या सायबर फसवणुकीचे निघाले, तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवरील तक्रारीवरून बँक तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातेच गोठवते. केळीचे पैसेही त्यात अडकतात. म्हणून तिऱ्हाईताच्या खात्यातून आलेली रक्कम घेऊ नये; ऑर्डर क्रमांक आणि चॅट जपून ठेवावे.

गोपनीयतेसाठीच बनवलेले क्रिप्टोचलन मोनेरो (२०१४) खऱ्या देणाऱ्याला १५ फसव्या नोंदींत मिसळते आणि रक्कमही झाकते. झेडकॅश या दुसऱ्या अशा चलनामध्ये (२०१६) झाकणे ऐच्छिक आहे, १.३७ झेडकॅश झाकलेल्या भागात टाकून तासाभरात तेवढेच बाहेर काढले, तर झाकून उपयोग काय?

भारतात नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस २०२२ पासून आहे. ७ मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आले. युरोपीय संघात १० जुलै २०२७ पासून सेवादात्यांना मोनेरोसारखी गोपनीय नाणी हाताळता येणार नाहीत. पूर्ण निनावीपणाला त्यामुळे फारसे भवितव्य दिसत नाही. टिकेल ती जळगावच्या सराफ बाजारातली गोपनीयता: दोन लाखांवरील खरेदीला पॅन द्यावाच लागतो, पण पावती शेजाऱ्याला दिसत नाही. झेडकॅशची पाहण्याची किल्ली सीएला दिली, तर तो व्यवहार तपासू शकतो, खर्चू शकत नाही. मात्र दिलेली किल्ली परत घेता येत नाही, त्यामुळे हिशेबाचे वॉलेट वेगळेच ठेवावे.