पट्टा, कडी आणि कॅमेऱ्याचं वजन

१९२५च्या वसंतात जर्मनीतल्या लायपझिगच्या व्यापारी जत्रेत लायका कॅमेरा पहिल्यांदा लोकांसमोर आला. ऑस्कर बारनाकने घडवलेला, कोटाच्या खिशात मावणारा, ३५ मिमी फिल्मवर चालणारा. ३५ मिमीच्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढायची सवय ज्याने जगाला लावली, त्या कॅमेऱ्याला पट्टा अडकवायला कडीच नव्हती. ती यायला १९३३चं लायका थ्री हे मॉडेल उजाडावं लागलं. तोवर कॅमेरा गळ्यात घालायचा म्हणजे आधी तो चामड्याच्या केसमध्ये बसवायचा. पट्टा असायचा तो केसला.

हे मुद्दाम सांगतोय. पट्टा घ्यायला गेलं की आपण रुंदी बघतो, कापड बघतो, खांद्यावर टाकून आरशात बघतो. तो कॅमेऱ्याला कुठे आणि कशाने धरतो याकडे शेवटी लक्ष जातं, किंवा जातच नाही. पट्ट्याच्या इतिहासात खरी उलथापालथ मात्र त्या सांध्यातच झाली आहे.

लायकाच्या आधी प्रश्नच वेगळा होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी खोकं, तिकाटणं (ट्रायपॉड) आणि काचा. काचेवरचा रसायनाचा थर ओला आहे तोवरच फोटो काढून धुवायचा असल्याने बाहेरगावी जाताना काळोखी राहुटीही बरोबर न्यावी लागे. हा सगळा बोजा हमालाच्या डोक्यावर आणि बैलगाडीत. कुणाच्या गळ्यात काही येत नव्हतं.

१८८८मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने २५ डॉलरचा कोडॅक कॅमेरा काढला, त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे. १९००मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. कॅमेरा आता सामान्य माणसाच्या हाती आला, पण हातीच. वर्तमानपत्रवाल्यांच्या भल्यामोठ्या स्पीड ग्राफिकला तर बाजूला चामड्याचा एक हातपट्टा असायचा. त्यात डावा पंजा सारायचा आणि अख्खं धूड मनगटाच्या जोरावर पेलायचं.

गळ्यातल्या पट्ट्याला खरा अर्थ दिला तो १९२९च्या रोलीफ्लेक्सने. या कॅमेऱ्यात वरून वाकून काचेवरचं चित्र बघायचं असतं, म्हणून तो पोटाशी, छातीच्या खाली धरावा लागतो. पट्टा मानेत घालून कॅमेरा किंचित खाली ताणला की तो स्थिर होतो. पट्टा इथे नुसता वाहून नेण्यापुरता नाही, तिकाटण्याचं थोडं कामही तोच करतो. पुढच्या मॉडेलांत पट्ट्याच्या टोकांना सुसरीच्या जबड्यासारखे चिमटे आले, ते कॅमेऱ्याच्या कानांवर चाप बसल्यासारखे बसत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आणि १९४२नंतर दिल्लीत काम केलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स दोन्ही वापरले. साडी नेसून, गर्दीत, सत्तांतराच्या त्या धामधुमीत. हातपट्टा आणि गळपट्टा यांतला फरक त्यांच्या खांद्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट कळला असणार.

आपल्याकडच्या बहुतेक घरांना मात्र आठवते ती तपकिरी चामड्याची केस. अगफा क्लिक थ्री असो की कुणा काकांनी परदेशातून आणलेला याशिका, पुढचं झाकण बटण काढून खाली लोंबकळायचं आणि फोटोत हमखास कुणाच्या तरी खांद्यावर तसंच दिसायचं. ती केस बऱ्याच कॅमेऱ्यांना खालच्या स्क्रूने धरलेली असायची, म्हणजे वजन यायचं केसच्या शिवणीवर. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत चामड्यावर बुरशी चढायची आणि दोरा कुजायचा. मग एक दिवस पट्टा हातात आणि केस जमिनीवर.

१९५९मध्ये निकॉन एफ आला आणि डोळ्याला लावून थेट लेन्समधूनच बघायच्या एसएलआर कॅमेऱ्यांचं राज्य सुरू झालं. व्हिएतनाम युद्धातले छायाचित्रकार गळ्यात दोन-तीन कॅमेरे घालून फिरू लागले. पट्टे तेच जुने, बोटभर रुंदीचे. एसएलआरची खोडी अशी की कड्या कॅमेऱ्याच्या अंगाला आणि वजन पुढे लेन्समध्ये, त्यामुळे गळ्यात घातला की तो नाक खाली करून पोटावर आपटत राहतो. सत्तरच्या दशकात गिटारच्या पट्ट्यांसारखे रुंद, विणकामाचे, भडक रंगांचे पट्टे आले. हिप्पी फॅशन म्हणून त्यांची टिंगल झाली, पण मानेचा विचार पहिल्यांदा केला तो त्यांनीच. मग कंपन्यांना शहाणपण सुचलं. रुंद पट्टा म्हणजे फुकटची जाहिरात. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येणारा मोठ्या अक्षरांचा पट्टा अजूनही तेच काम करतो. चोराला लांबूनच मॉडेल कळतं, म्हणून अनेक जण तो खोक्यातून काढतच नाहीत.

पुढे निओप्रिनचे, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाच्या कापडाचे, ताणले जाणारे पट्टे आले. खांद्यावर घेतलं की कॅमेरा हलका झाल्यासारखा वाटतो. तो हलका झालेला नसतो. चालताना तो स्प्रिंगसारखा वरखाली होतो, आणि गड उतरताना हे फार जाणवतं. मला विचाराल तर लग्नाच्या हॉलमध्ये निओप्रिन उत्तम, हरिश्चंद्रगडावर नको.

या शतकाच्या सुरुवातीला स्लिंग आला. जानव्यासारखा तिरपा घ्यायचा पट्टा आणि कॅमेरा उलटा कमरेशी लटकलेला. मान मोकळी झाली, कारण वजन खांदा आणि पाठीवर गेलं. ९५० ग्रॅमचा कॅमेरा आणि जवळपास दीड किलोची, लांबचं टिपणारी ७०-२०० लेन्स, असं सुमारे अडीच किलो दिवसभर वागवायचं तर हाच मार्ग. पण इथे सांधा बदलला. दोन कड्यांच्या जागी तळाचा पाव इंची स्क्रू आला. तो मुळात तिकाटण्यासाठी आहे. स्थिर उभं राहणं हे त्याचं काम, झुलणं नव्हे. फिरत्या कडीत धूळ बसली की ती अडते आणि प्रत्येक झोक्याचा पीळ थेट स्क्रूला बसतो. दिवे घाटात पालखीच्या गर्दीत माझा स्क्रू असाच दोन आटे सुटलेला होता. कॅमेरा मांडीवर आपटण्याचा आवाज बदलला म्हणून हात खाली गेला, एवढंच. तेव्हापासून स्क्रूखाली रबरी चकती, कडीला एक जादा दोरी, आणि चहाला थांबलं की बोटाने एकदा पिळून बघायचं. मोठी लेन्स असेल तर तिला तिकाटण्यावर बसवायला जो पाय असतो त्याला पट्टा लावायचा, कॅमेऱ्याच्या तळाला नाही.

सांध्याने दगा दिल्याचं सर्वांत उंचावरचं उदाहरण जुलै १९६६चं आहे. अमेरिकेच्या जेमिनी १० अंतराळमोहिमेत अंतराळवीर मायकेल कॉलिन्स यानाबाहेर असताना त्यांचा हॅसलब्लाड कॅमेरा सुटला आणि तरंगत निघून गेला. त्या अंतराळफेरीत त्याने टिपलेले फोटोही गेले. पुढे चंद्रावर उतरणाऱ्यांसाठी पट्ट्याचा नाद सोडून पोशाखाच्या छातीवर कॅमेरा बसवायचा आधारच (ब्रॅकेट) दिला गेला.

अलीकडे दोन्ही टोकांना दोरीचे फास आणि चापाने निघणारा पट्टा रूढ झाला आहे. पीक डिझाइन या कंपनीने हे लोकप्रिय केलं. सोय मोठी: तिकाटण्यावर कॅमेरा चढवताना पट्टा काढून खिशात टाकता येतो. दोरी मात्र झिजणारी वस्तू आहे. वेष्टण विरलं की आतला वेगळा रंग दिसावा अशी ती विणलेली असते, आणि धारदार कडीवर ती लवकर विरते.

पोलादी तार घातलेले, ब्लेडने न कापले जाणारे पट्टेही मिळतात. रेल्वेत झोपताना ठीक. मोटारसायकलवरून हिसका मारणाऱ्यापुढे मात्र न तुटणारा पट्टा माणसाला फरफटत नेतो, म्हणून मी तो घेत नाही.

साध्या नायलॉन पट्ट्याला कमी लेखू नका. फक्त तो ओवायची रीत बघा. बहुतेक जण पट्टा कडीतून घेऊन बकलमधून बाहेरच्या बाजूला काढतात आणि शेपटी लोंबत ठेवतात. ती सरकते, गालाला टोचते. जपानी वृत्तछायाचित्रकार टोक आतल्या बाजूने ओवतात, म्हणजे शेपटी दोन पदरांमध्ये चेपून बसते आणि ओढ पडेल तशी घट्ट होते. तिकडे याला 'निकॉन-माकी', निकॉनची गुंडाळी, म्हणतात. पहिल्यांदा जमायला दहा मिनिटं लागतात आणि नखं दुखतात.

माझ्या डाव्या फासाचं काळं वेष्टण मागच्या आठवड्यात फाटलं. नवी जोडी मागवली आहे. ती येईपर्यंत खोक्यातला जुना नायलॉनचा पट्टा बाहेर काढलाय, अक्षरं आतल्या बाजूला करून.