साखर कारखान्यातून तबेल्यात: बीटच्या चोथ्याची पार्श्वभूमी

घोड्यांना घालतात तो बीट पल्प म्हणजे कोशिंबिरीतल्या लाल बीटचा चोथा नव्हे. तो शुगर बीटचा. हा कंद पांढरट, जाडजूड आणि साधारण किलोभर वजनाचा असतो, त्यात 15 ते 18 टक्के साखर असते. साखर काढून घेतल्यावर उरलेला तंतुमय किस वाळवला की तयार होतो तो बीट पल्प. तो किती भिजवायचा, कोरडा दिला तर काय होते, कुठल्या घोड्याला चालत नाही, हे वाद आजही रंगतात. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ कारखान्याच्या इतिहासात सापडते.

बीटमधली साखर आणि उसातली साखर एकच, हे रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ याने बर्लिनमध्ये 1747 साली दाखवले. त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने 1801 मध्ये सायलेशियातल्या कुनेर्न गावी (आज हा भाग पोलंडमध्ये आहे) पहिला बीट साखर कारखाना उभा केला. धंद्याला खरी चालना मिळाली ती युद्धामुळे. ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवल्यावर कॅरिबियन बेटांवरची उसाची साखर फ्रान्समध्ये येईना. मग 1811 मध्ये नेपोलियनने 32,000 हेक्टरवर बीट लावण्याचा हुकूम काढला. तोफा थंडावल्यावर उसाची साखर परतली आणि बरेच कारखाने बंद पडले, पण फ्रान्समध्ये आणि नंतर जर्मनीत हा उद्योग टिकला.

त्या काळी बीट किसून, किस पिशव्यांत भरून, दाबयंत्राखाली पिळत. उरायची ती बरीचशी कोरडी ढेप. ती बैलांना आणि मेंढ्यांना जायची. 1864 मध्ये मोराव्हियात (आज हा भाग चेक प्रजासत्ताकात आहे) ज्युलियस रॉबर्टने डिफ्यूजनची पद्धत आणली आणि चोथ्याचे रूपच पालटले. आता बीट पिळत नाहीत. त्याच्या पन्हळीसारख्या बारीक चकत्या करतात आणि साधारण 70 अंश सेल्सियसच्या पाण्यातून प्रवाहाच्या उलट दिशेने नेतात. या तापमानाला पेशींची आवरणे सैल पडतात आणि साखर पाण्यात उतरते. साखर जास्त निघते, पण मागे राहतो तो नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेला लगदा.

या ओल्या लगद्याचे करायचे काय, ही कारखान्यांची पुढची डोकेदुखी. बीट घालायला आलेला शेतकरी परतीच्या गाडीत लगदा भरून नेई आणि खड्ड्यात दाबून ठेवी. आंबूस वासाचा हा मुरघास गाईगुरे आवडीने खातात. घोड्याचे तसे नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचे पहिले पोट बरेच काही सोसते. घोड्याला ती सोय नाही, त्याला उलटीही करता येत नाही, आणि मुरघासातल्या बुरशीला व बोटुलिझमच्या विषाला तो गाईपेक्षा फार लवकर बळी पडतो. म्हणून बीटच्या पट्ट्यातसुद्धा नांगराचे घोडे ओटवर आणि गवतावरच राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत फिरत्या ढोलातून गरम हवा सोडून लगदा वाळवू लागले. आधी दाबून पाणी काढायचे, मग दहा-बारा टक्के ओल राहीपर्यंत वाळवायचे. एक टन बीटमागे जेमतेम 50-60 किलो सुका चोथा मिळतो, पण तो पोत्यात भरता येतो, महिनोन् महिने टिकतो आणि दूरच्या गावी पाठवता येतो. हा चोथा घोड्यापर्यंत पोहोचला तो या ढोलामुळे.

कारखान्याचा दुसरा नकोसा माल म्हणजे मळी. चिकट, वाहून न्यायला अवघड. ती जनावरांना खाऊ घालता यावी म्हणून दलदलीतल्या पीट मातीच्या शेवाळात मुरवून विकण्याचाही प्रकार निघाला होता, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये घोड्यांचे मालक तसले खाद्य खुशाल घेत. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे वाळवण्याआधी चोथ्यावरच मळी फवारणे. चव वाढते, धूळ उडत नाही आणि मळीही खपते. मळीच्या चोथ्याचा पायंडा असा कारखान्याच्या सोयीने पडला. आज बाजारात दोन्ही प्रकार आहेत. साध्या चोथ्यात साखर पाच-सात टक्के, तर मळीच्या चोथ्यात ती वीस टक्क्यांच्या वरही जाते. पोत्यावरचा हा फरक न वाचता खरेदी करणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक.

ब्रिटनमध्ये नॉरफोकमधल्या कँटली इथे 1912 मध्ये कारखाना आला आणि 1925 च्या सरकारी अनुदानानंतर कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. तिथला चोथा आधी सुटा किस म्हणून विकत. पुढे साठवण आणि वाहतूक स्वस्त व्हावी म्हणून दाबून त्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, करू लागले. माल गुरांसाठी होता. घोडेवाले त्याच दुकानातून तीच पोती घेत. किस बारा तास आणि पेलेट्स चोवीस तास भिजवायचे, हा तिथला जुना नियम या गोळ्यांतूनच आला. पेलेट दाबून इतकी घट्ट झालेली असते की थंड पाणी गाभ्यापर्यंत सावकाश शिरते. पुढे वाफ व उष्णता देऊन चपटे केलेले फ्लेक्स आले, ते दहा-पंधरा मिनिटांत फुगतात. पदार्थ एकच, वेळ बदलते ती घडणीमुळे.

म्हणूनच भिजवण मापाने नव्हे, वजनाने करावी. लिटरभर मापात किस साधारण 250 ग्रॅम बसतो, पेलेट्स 600 ग्रॅमच्या पुढे. एकाच डब्याने दोन्ही मोजले तर घोड्याला दुपटीहून अधिक खाद्य जाते. वजनाने एकास चार ते पाच पट पाणी धरावे, म्हणजे पेलेट्सच्या एका मापाला पाण्याची किमान तीन मापे. बादली अर्धीच भरावी, कारण माल फुगून वर येतो. कोमट पाण्यात किस तासाभरात तयार होतो, पेलेट्सना त्याहून जास्त वेळ लागतो. उकळते पाणी ओतण्याची गरज नाही. तयार झाला की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. बादलीच्या तळाशी हात घालून मूठभर माल चिमटीत दाबावा. आत कडक खडा लागला तर आणखी पाणी घालून थांबावे. सगळा चुरा मऊ, सुटा आणि ओलसर हवा.

खरी गडबड इथेच होते. पेलेट्स घोड्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांसारख्याच दिसतात. शेजारी ठेवलेल्या दोन पोत्यांची अदलाबदल झाली आणि कोरड्या पेलेट्स घाईने खाणाऱ्या घोड्यापुढे आल्या, तर त्या लाळेने अन्ननलिकेतच फुगून अडकतात. घोडा मान ताणतो, खोकतो, नाकपुड्यांतून लाळ आणि खाद्य बाहेर येते. अशा वेळी चारा-पाणी लगेच काढून घ्यावे, मान खाली राहू द्यावी आणि पशुवैद्याला बोलवावे. आपणच तोंडात नळी घालून पाणी सोडणे म्हणजे ते फुप्फुसात ढकलणे. पोते वेगळे ठेवून त्यावर ठळक अक्षरात लिहावे, यापेक्षा चांगला उपाय नाही.

‘कोरडा चोथा पोटात फुगून जठर फुटते’ ही समजूत मात्र अन्ननलिकेच्या या धोक्याला जठरावर चिकटवून झालेली आहे. प्रयोगांत कोरडा चोथा बऱ्याच प्रमाणात खाऊ घातला गेला आहे आणि अनेक तयार खाद्यांत तो कोरडाच मिसळलेला असतो, जठर त्याने फुटत नाही. तरीही भिजवावा. दात गेलेल्या म्हाताऱ्या घोड्याला तो चावता येतो, धूळ नाकात जात नाही, आणि पाणी कमी पिणाऱ्या घोड्याच्या पोटात त्या निमित्ताने चार-पाच लिटर पाणी जाते.

हा चोथा घोड्याला मानवतो तो त्यातल्या पेक्टिन या मऊ, सहज आंबणाऱ्या तंतूमुळे. उंडुक आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू तो सहज फोडतात. वजनागणिक ऊर्जा गवतापेक्षा जास्त आणि ओटपेक्षा थोडी कमी मिळते, शिवाय धान्यातल्या स्टार्चचा धोका नाही. 500 किलोच्या घोड्याला सुरुवात 200-250 ग्रॅम सुक्या चोथ्याने करून आठ-दहा दिवसांत एक ते दीड किलोपर्यंत न्यावे. खुरांच्या दाहाची किंवा इन्सुलिनची तक्रार असलेल्या घोड्याला फक्त बिनमळीचा द्यावा, आणि तोही भिजवून, पाणी ओतून, पुन्हा धुऊन. पहिले पाणी तपकिरी निघते, ते फिकट होईपर्यंत धुतले की उरलीसुरली साखरही जाते.

उणे बाजूही आहे. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, सेलेनियम कमी असते. एका किलोत कॅल्शियम सुमारे 8 ग्रॅम आणि फॉस्फरस जेमतेम 1 ग्रॅम. गव्हाच्या कोंड्याचे याच्या नेमके उलटे, कॅल्शियम दीड ग्रॅमहून कमी आणि फॉस्फरस 11 ग्रॅमच्या आसपास. नुसत्या कोंड्यावर वाढलेल्या घोड्याच्या जबड्याची हाडे कॅल्शियमअभावी फुगतात, हे जुन्या मोतद्दारांनाही माहीत होते. एक किलो चोथा आणि अर्धा किलो कोंडा एकत्र केला तर कॅल्शियम साडेआठ आणि फॉस्फरस साडेसहा ग्रॅमच्या जवळ येतो, म्हणजे दोन्ही एकमेकांची बाजू सांभाळतात.

आपल्याकडे चंदी म्हणजे हरभरा, जोडीला कोंडा आणि लसूण घास. साखर उसाची, त्यामुळे चोथाही उसाचा. पण चिपाड हा बीटच्या चोथ्याचा पर्याय नव्हे. उसाच्या तंतूत लिग्निन हा कडक, न पचणारा घटक भरपूर आणि पेक्टिन नगण्य, म्हणून ते बॉयलरमध्ये जाते. घोड्याच्या आतड्यातले जीवाणू त्याचे फारसे काही करू शकत नाहीत. श्रीगंगानगरला बीटची साखर निघत असे, आणि 2000 नंतरच्या दशकात पुणे व जालना जिल्ह्यांत उष्ण हवेत येणाऱ्या बीटची लागवड करून पाहिली गेली, पण तिचा रोख इथेनॉलवर होता.

युरोपातले चोवीस तास मात्र आपल्याकडे आणू नयेत. मार्च-एप्रिलच्या उन्हात भिजवलेला चोथा चार-पाच तासांत आंबू लागतो. सकाळच्या खुराकाचे सकाळी, संध्याकाळच्याचे दुपारनंतर भिजवावे, बादली सावलीत झाकून ठेवावी. आंबूस किंवा दारूसारखा वास आला, वर फेस दिसला, तर सगळे फेकून बादली घासून घ्यावी. शिळ्या चोथ्याने पोटशूळ होण्यापेक्षा एक खुराक वाया गेलेला परवडतो. पावसाळ्यात फोडलेले पोते महिन्याच्या आत संपेल एवढेच घ्यावे, लाकडी फळ्यांवर ठेवावे. किसाचे गठ्ठे झाले किंवा त्यावर करडी बुरशी दिसली, तर ते भिजवून ‘धुऊन’ वापरू नये.