गुप्त लष्करी चाचणीस्थळे आणि परग्रही तंत्रज्ञानाविषयीच्या समजुती

नवी विमाने, क्षेपणास्त्रे आणि टेहळणीची साधने लोकांच्या नजरेआड उडवून पाहण्यासाठी काही लष्करी तळ राखून ठेवलेले असतात. अशा तळांवर परग्रहावरून आलेली याने दडवून ठेवली आहेत आणि ती उकलून नवी शस्त्रे घडवली जातात, अशी समजूत जगभर आहे. तळावरची गुप्तता आणि ही समजूत एकमेकींना पोसत आल्या आहेत, म्हणून या नोंदीत दोहोंचा विचार एकत्र केला आहे.

सर्वांत गाजलेला तळ म्हणजे अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील ग्रूम लेक, लोकांच्या तोंडी ‘एरिया ५१’. हे तळे नावापुरतेच. कोरडे, टणक आणि सपाट पात्र विमान उतरवायला सोयीचे, म्हणून १९५५ साली सीआयए आणि लॉकहीड कंपनीने यू-२ या टेहळणी विमानाच्या चाचण्यांसाठी ते निवडले. तेव्हा बहुतेक प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून जात, यू-२ साठ हजारांच्या वर. संध्याकाळी पश्चिमेकडे निघालेल्या प्रवासी विमानाभोवती अंधारून आलेले असे, पण साठ हजार फुटांवर अजून ऊन असे. यू-२च्या चंदेरी पंखांवर ते पडले की खालच्या वैमानिकाला आपल्या कितीतरी वर एक पेटती वस्तू सरकताना दिसे. इतक्या उंचीवर माणसाने बनवलेले विमान जाते हे त्याच्या गावीही नव्हते. दिसले ते त्याने प्रामाणिकपणे कळवले.

अशा नोंदींची छाननी हवाई दलाचा ‘ब्लू बुक’ प्रकल्प करी. तिथले लोक वॉशिंग्टनला सीआयएच्या संबंधित कर्मचाऱ्यांना फोन लावत आणि तारीख-वेळ यू-२च्या उड्डाणांशी ताडून पाहत. अनेकदा उत्तर तिथल्या तिथे मिळे, पण ज्याने पत्र पाठवले त्याला ते कळवण्याची मुभा नसे. खरे उत्तर टेबलावर आणि उत्तरादाखल भलतेच पत्र टपालात, हे वर्षानुवर्षे चालले. सरकार काहीतरी लपवते आहे हा लोकांचा संशय खरा होता, चुकले ते काय लपवले आहे याबद्दल. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि साठच्या दशकातील निम्म्याहून अधिक नोंदी आपल्याच विमानांच्या होत्या, असे सीआयएने पुढे लिहून ठेवले. हा दावा फुगवलेला आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि ते पटण्याजोगे आहे. ब्लू बुक १९६९ साली बंद झाला तेव्हा एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनिर्णित होत्या. ग्रूम लेकचे नाव न झाकता सीआयएचा तो इतिहास लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडले.

रॉझवेलची गोष्ट याहून जुनी. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतील तळाने ‘उडती तबकडी’ सापडल्याचे आधी जाहीर केले आणि लगेच शब्द फिरवून हवामानाचा फुगा असल्याचे सांगितले. सोव्हिएत अणुस्फोटांचे आवाज दुरून टिपण्यासाठी सोडलेल्या ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांचे ते अवशेष होते, असा हवाई दलाचा अहवाल १९९४ साली आला. तोवर सत्तेचाळीस वर्षे उलटली होती. याच्या शेजारी डिसेंबर २०२२ ची तेलंगणातील घटना ठेवून पाहावी. विकाराबाद जिल्ह्यातल्या शेतात एक विचित्र कुपी उतरली, गावकरी जमले, उडती तबकडी म्हणून चित्रफिती फिरल्या. ती टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) या संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून सोडलेल्या फुग्याची चाचणीकुपी असल्याचे लगोलग सांगितले गेले आणि विषय संपला. सप्टेंबर १९७७ मध्ये सोव्हिएत संघातील पेत्रोझावोद्स्क शहरावर दिसलेला विलक्षण प्रकाशही प्लेसेत्स्क या प्रक्षेपण तळाहून सोडलेल्या कोस्मोस-९५५ उपग्रहाच्या उड्डाणाशी जोडला जातो. पण प्लेसेत्स्क तळ अस्तित्वात आहे हेच सोव्हिएत सरकार १९८३ पर्यंत मान्य करत नव्हते, मग लोकांना सांगणार तरी काय?

एरिया ५१ आणि परग्रहवासी ही जोडी पक्की झाली ती १९८९ साली. ग्रूम लेकजवळच्या ‘एस-४’ या जागी आपण परग्रही यानांवर काम केले आणि ती याने ११५ क्रमांकाच्या मूलद्रव्यावर चालतात, असे बॉब लझार यांनी लास व्हेगासच्या दूरचित्रवाणीवर सांगितले. हे मूलद्रव्य २००३ साली प्रयोगशाळेत खरोखर बनले. आज त्याला मॉस्कोव्हियम म्हणतात, आणि त्याचे आजवर मिळालेले अणू साधारणपणे सेकंदभरही टिकत नाहीत. परग्रही यान उकलल्याचा कोणताही पुरावा मिळालेला नाही, असे पेंटागॉनच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या) अशा दाव्यांची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने मार्च २०२४ च्या अहवालात नमूद केले.

गोव्यात रात्री डोंगरावर किंवा शेताच्या बांधावर फिरता उजेड दिसला की तो देवचाराचा, म्हणजे गावाच्या राखणदाराचा, असे जुनी माणसे सांगतात. हातात दांडा आणि पेटती चूड घेऊन तो गावाची शीव राखतो, म्हणून त्याला रोट दिला जातो. त्या उजेडाचे गावाशी नाते आहे, देणे-घेणे आहे. उडत्या तबकडीच्या समजुतीत असे नाते नाही, तिच्या तळाशी सरकारवरचा अविश्वास आहे.

गोव्यातही चाचणीस्थळ आहे. दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावर विमानवाहू नौकेच्या डेकची प्रतिकृती उभारलेली आहे. टोकाला वर वळलेली धावपट्टी आणि उतरत्या विमानाला अडवणाऱ्या तारा तिथे आहेत. नौदलासाठीच्या तेजसने २० डिसेंबर २०१४ रोजी तिथून पहिले उड्डाण केले, १३ सप्टेंबर २०१९ रोजी तारेला अडकून पहिल्यांदा उतरले आणि ११ जानेवारी २०२० रोजी प्रत्यक्ष ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरले. हे टप्पे त्या-त्या वेळी जाहीर झाले. दाबोळीविषयी गोंयकार भांडतो ते नौदलाच्या सरावामुळे नागरी विमानांवर येणाऱ्या वेळेच्या बंधनांवरून आणि धावपट्टीलगतच्या बांधकाम परवान्यांवरून. अंजदीव बेट कारवारच्या नौदल तळासाठी गेले तेव्हाही दुःख झाले ते तिथल्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) फेस्ताला जाणे बंद झाल्याचे. बंदिस्त लष्करी जागेबद्दल विचारण्यासारखे प्रश्न हेच आहेत: जमीन कोणाची, आवाज किती, धूर कुठे जातो.

ग्रूम लेकवर हे प्रश्न कामगारांनी विचारले. तळावरचा गुप्त कचरा उघड्या चरांत टाकून, इंधन ओतून जाळला जाई आणि त्या धुराने कातडीचे व श्वसनाचे आजार जडले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांपैकी पत्र्याचे काम करणारे रॉबर्ट फ्रॉस्ट १९८९ साली वारले. १९९४ मध्ये त्यांच्या पत्नी हेलन, आणखी एक कामगारपत्नी आणि नाव गुप्त ठेवलेले कामगार न्यायालयात गेले. आपल्या श्वासात काय गेले ते कळले तर डॉक्टरांना नेमका उपचार करता येईल, एवढीच त्यांची मुख्य अपेक्षा होती. तळाचे नाव सांगायलाही सरकार तयार नव्हते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९५ साली ‘ग्रूम लेकजवळील’ तळाला पर्यावरणविषयक माहिती उघड करण्यातून सूट दिली, दावा फेटाळला गेला आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. दोनच वर्षांपूर्वी, १९९६ मध्ये, नेव्हाडा सरकारने तळाजवळून जाणाऱ्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला पर्यटकांसाठी ‘परग्रहवासी महामार्ग’ असे अधिकृत नाव दिले होते.