पैसे न घेता झालेली विक्री

दुकानाने जाहिरात कंपनीला ग्राहकांची माहिती दिली, बदल्यात एक छदामही घेतला नाही. ही विक्री झाली का? कॅलिफोर्नियाचा ग्राहक गोपनीयता कायदा म्हणतो, झालेली असू शकते. पैसा किंवा दुसरा कुठलाही मोलाचा मोबदला मिळाला की ती विक्रीच. आपल्या संकेतस्थळावर जाहिरात कंपनीचा टॅग (पानात घातलेला छोटासा कोड) बसवला, त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी टिपल्या आणि त्याबदल्यात दुकानाला फुकट विश्लेषण मिळाले, तरी ते विक्रीत मोडू शकते. ‘आम्ही तुमची माहिती विकत नाही’ असे मनापासून लिहिणाऱ्या कंपन्याही इथेच अडकतात. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या सेफोराने ऑगस्ट 2022 मध्ये अशाच प्रकरणात 12 लाख डॉलर भरून तडजोड केली.

कायदा 2018 चा, लागू झाला 1 जानेवारी 2020 रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी कौल देऊन तो कडक केला आणि ते बदल 2023 पासून अमलात आले. नफ्यासाठी चालणारा जो व्यवसाय कॅलिफोर्नियात काम करतो, त्याला तीनपैकी एक अट लागू झाली तरी पुरे: वार्षिक उलाढाल 2 कोटी 66 लाख 25 हजार डॉलरच्या वर (2025 पूर्वी ही मर्यादा अडीच कोटी होती), वर्षाला किमान एक लाख ग्राहकांच्या किंवा कुटुंबांच्या माहितीची खरेदी, विक्री वा जाहिरातींसाठी देवाणघेवाण, किंवा निम्मे वा त्याहून जास्त उत्पन्न अशा विक्री-देवाणघेवाणीतून. दुसरी अट छोट्यांनाही गाठते, कारण टॅग असलेल्या पानावर रोज 300 नवे कॅलिफोर्नियाकर आले, तरी वर्षाचा आकडा लाखापलीकडे जातो.

‘माझी माहिती विकू नका’ हे सांगायला ग्राहकाने प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरत बसावे, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही. ब्राउझरमध्ये ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल (जीपीसी) ही सोय सुरू केली, की पान मागणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत एक ओळ जाते: ‘सेक-जीपीसी: 1’. एवढीशी ओळ, पण कायद्याने ती ग्राहकाची पक्की सूचना आहे आणि ती पाळावीच लागते.

गडबड होते ती क्रमात. पान उघडताना जाहिरातीचा टॅग आधी धावतो आणि संमतीची पट्टी मागून येते. पट्टी दिसेपर्यंत माहिती गेलेली असते. म्हणून जीपीसीचा हा सिग्नल तपासणारा कोड सगळ्यात आधी चालला पाहिजे आणि त्याने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय एकही टॅग सुटता कामा नये. तपासणी सोपी आहे: सिग्नल सुरू ठेवून पान उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क पाहा, जाहिरात कंपन्यांच्या पत्त्यांवर काही जाते का बघा. हे दर बदलानंतर करावे. टॉड स्नायडर या कपड्यांच्या कंपनीच्या साइटवर नकार नोंदवायची सोय 40 दिवस नीट चालत नव्हती. 2025 मध्ये तिला 3,45,178 डॉलर दंड झाला. सोय बाहेरच्या पुरवठादाराची होती, ही सबब चालली नाही, आणि ते योग्यच झाले.

दुसरे भोक याहून आत असते. ग्राहक लॉग-इन केलेला असेल तर नकार फक्त त्या ब्राउझरला नव्हे, त्याच्या खात्यालाही लागू करावा लागतो. नाहीतर कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण) बंद, पण मार्केटिंग विभाग दर आठवड्याला त्याच माणसाचा ईमेल जाहिरातींच्या यादीत चढवतोय, असे होते.

विक्रीला नकार देणाऱ्याची ओळख पडताळायची नसते. होंडाने अशा ग्राहकांकडून नाव, पत्ता, फोन अशी आठ रकान्यांची माहिती मागितली. शिवाय कुकीला होकार एका क्लिकमध्ये होता, नकाराला जास्त पायऱ्या. मार्च 2025 मध्ये 6,32,500 डॉलर दंड बसला.

माहिती पाहायला किंवा मिटवायला मागितली तर मात्र पडताळणी हवी, नाहीतर कुणाची माहिती भलत्याच्या हाती जाईल. अर्ज पोचल्याचे 10 कामाच्या दिवसांत कळवायचे, उत्तर 45 दिवसांत द्यायचे. कारण कळवून आणखी 45 दिवस घेता येतात. मुदत अर्ज आल्या दिवसापासून मोजतात, ओळख पटल्यापासून नव्हे. आणि उत्तरात सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) किंवा पासवर्ड कधीच छापायचा नाही. ‘तो आमच्याकडे आहे’ एवढेच सांगायचे.

मिटवण्याचा आदेश पुढच्या पुरवठादारांपर्यंतही जातो. हिंजवडीतली एखादी कंपनी अमेरिकी दुकानासाठी ग्राहकसेवा सांभाळत असेल, तर करारानुसार तिलाही आपल्याकडच्या नोंदी, तक्रारींची तिकिटे, एक्सेलच्या प्रती पुसाव्या लागतात. बॅकअप तेवढा थांबू शकतो, तो पुन्हा वापरात येईपर्यंत. म्हणून मिटवण्याच्या अर्जांची नोंद किमान 24 महिने जपायची, आणि जुना बॅकअप चढवला की त्याच यादीवरून तीच नावे पुन्हा पुसायची.